मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो आणि गाठीतली एन्झाइम्स: सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. आपल्याकडचे पेशंट कोणी बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलला, कोणी सिव्हिलला, कोणी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला टाटाला जातात, आणि परत आल्यावर नातेवाईक फाइल घेऊन तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळे एकत्र लिहून काढले. मी उपचार करणारी डॉक्टर नाही. औषध शरीरात काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं एवढंच मी सांगू शकते, डोस बदलायचा की नाही ते तुमच्या ऑन्कोलॉजिस्टनीच ठरवायचं.

१. केमोचं औषध शरीरात गेल्यावर त्याचं नक्की काय होतं? मेटाबॉलिझम म्हणजे पचनच का?

साधारण तसंच म्हणा, फक्त हे पचन पोटात होत नाही, पेशींच्या आत होतं. औषधावर एन्झाइम (पेशीत रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं) काम करतात, काही एन्झाइम औषधाला "जागं" करतात म्हणजे कामाच्या रूपात आणतात, आणि काही त्याची मोडतोड करून लघवीवाटे बाहेर काढायच्या लायकीचं करतात. आतड्याच्या कॅन्सरमधली दोन मुख्य औषधं, फाइव्ह-एफयू आणि इरिनोटेकान, बाटलीत असतात त्या रूपात जवळजवळ निकामी असतात, शरीरात बदल झाल्यावरच ती कॅन्सरच्या पेशीला मारू शकतात. हे बदलण्याचं आणि मोडण्याचं काम लिव्हरमध्ये चालतं, आतड्याच्या अस्तरात चालतं, आणि स्वतः गाठीतही चालतं. पुढचे सगळे प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतात.

२. फाइव्ह-एफयू म्हणजे काय आणि ते सगळ्यांनाच कसं काय देतात?

पूर्ण नाव फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल. युरॅसिल हा पेशीतला नेहमीचा घटक, त्यावर फ्लोरिनचा एक अणू बसवलाय. उंदरांच्या लिव्हरमधल्या गाठी साध्या पेशींपेक्षा जास्त युरॅसिल ओढून घेतात असं दिसलं होतं, त्यावरून अमेरिकेत चार्ल्स हाइडलबर्गर यांच्या टीमने १९५७ साली हे औषध बनवलं. गाठ ते युरॅसिल समजून आत घेते आणि आतली एन्झाइम्स त्याचं एफडीयूएमपी नावाचं रूप करतात. हे रूप थायमिडिलेट सिंथेज या एन्झाइमला जाऊन घट्ट चिकटतं, मग पेशीला डीएनए बनवायला थायमिडिन मिळत नाही. औषधाचा काही भाग थेट आरएनए-डीएनएमध्ये घुसूनही बिघाड करतो. ल्युकोव्होरिनचं सलाइन सोबत का लावतात असं विचारणाऱ्यांसाठी: ते स्वतः केमो नाही, त्याच्यामुळे ही पकड आणखी पक्की बसते.

रक्तात फाइव्ह-एफयू मिनिटांच्या हिशोबात निम्मं होतं, म्हणून तर ४६ तासांचा पंप लावून घरी पाठवतात. तो पंप "उगाच बिल वाढवायला" लावलेला नसतो, हे एका काकांना बराच वेळ समजावावं लागलं होतं.

३. आम्हाला सलाइन नाही, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्यात. म्हणजे हलकी केमो आहे ना?

नाही हो. गोळी असली तरी शेवटी आत जाऊन फाइव्ह-एफयूच बनतं, आणि गोळी म्हणून लोक निष्काळजी राहतात ते जास्त धोक्याचं. ज्वारी दळायची, मळायची, थापायची, भाजायची, मग कुठे भाकरी, तशा या गोळीलाही आत तीन पायऱ्या चढाव्या लागतात: पहिली लिव्हरमध्ये, दुसरी लिव्हर आणि गाठ दोन्हीकडे, आणि तिसरी थायमिडिन फॉस्फोरिलेज नावाच्या एन्झाइमकडून. हे तिसरं एन्झाइम आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा गाठीत बऱ्याचदा जास्त असतं, म्हणून औषधाचा शेवटचा टप्पा गाठीतच व्हावा अशी मूळ कल्पना. ते नेहमी कॅन्सरच्या पेशीतच असतं असंही नाही, आतड्याच्या गाठीत पुष्कळदा ते मधल्या आधारपेशींमध्ये आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशींमध्ये सापडतं, म्हणजे गाठीची वस्तीसुद्धा औषध तयार करायला हातभार लावते.

गोळी जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची, सहसा १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असं चक्र असतं. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी डबल घ्यायची नाही.

४. स्टेज तीच, औषध तेच. शेजारच्या काकांची गाठ लहान झाली आणि आमच्या बाबांची नाही. असं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारताना लोकांच्या आवाजात अपराधीपणा असतो, की आपण खायला कमी घातलं का, उशीर केला का, स्वस्त कंपनीचं औषध घेतलं का. बहुतेक वेळा कारण गाठीच्या आतच असतं, तुमच्या स्वयंपाकघरात नाही.

दोन माणसांच्या गाठी मायक्रोस्कोपखाली सारख्या दिसल्या तरी आतली एन्झाइम्स वेगळी असतात. एका गाठीत थायमिडिलेट सिंथेज भरपूर असेल तर औषधाने काही अडवलं तरी उरलेलं काम चालू ठेवतं. दुसऱ्या गाठीत डीपीडी नावाचं मोडणारं एन्झाइम जास्त असेल तर औषध आत शिरल्या शिरल्या तुटतं. तिसऱ्या गाठीत ओपीआरटी हे जागं करणारं एन्झाइमच कमी, मग औषध आत जाऊन नुसतं पडून राहतं. चौथ्या गाठीत पेशीच्या भिंतीवरचे पंप औषध बाहेर फेकतात. एकाच गाठीच्या दोन टोकांना वेगळी परिस्थिती असू शकते, आणि लिव्हरला गेलेली गाठ आतड्यातल्या मूळ गाठीपेक्षा वेगळी वागू शकते. यात गाठीपर्यंत रक्त किती पोचतं आणि पेशी किती भराभर वाढतात हेही मिसळा.

तेव्हा काकांच्या रिपोर्टवरून बाबांचा अंदाज बांधू नका, आणि बाबांची गाठ ऐकत नाही म्हणून बाबांना किंवा स्वतःला बोल लावू नका.

५. मग गाठीतली ही एन्झाइम्स आधीच मोजून कुठलं औषध चालेल ते का सांगत नाहीत?

प्रयत्न खूप झाले. थायमिडिलेट सिंथेज, डीपीडी आणि थायमिडिन फॉस्फोरिलेज तिन्ही कमी असलेल्या गाठी फाइव्ह-एफयूला चांगला प्रतिसाद देतात असं काही अभ्यासांत दिसलं, पण बाकीच्यांत तितकं नीट जुळलं नाही. कोणी प्रोटीन मोजलं, कोणी आरएनए मोजला, कोणी बायोप्सीचा तुकडा मूळ गाठीतून घेतला तर कोणी पसरलेल्या गाठीतून, त्यामुळे निकाल एकमेकांशी ताडून बघणंच अवघड. म्हणून या टेस्ट रोजच्या उपचारात आल्या नाहीत. एखादी लॅब "केमो कुठली लागू पडेल ते सांगतो" म्हणून मोठी रक्कम मागत असेल तर पैसे भरण्याआधी ऑन्कोलॉजिस्टना विचारा, या रिपोर्टवरून तुम्ही औषध बदलणार आहात का. ते नाही म्हणाले तर तो पैसा औषधासाठी ठेवा. ज्या टेस्टने खरोखर निर्णय बदलतो त्या ६ आणि १२ मध्ये लिहिल्यात.

६. डीपीडी टेस्ट कशासाठी असते? केमोच्या आधी करायचीच का?

वर ४ मध्ये गाठीतल्या डीपीडीबद्दल बोललो, ही टेस्ट गाठीची नसून माणसाची असते. दिलेल्या फाइव्ह-एफयूपैकी ८० टक्क्यांहून जास्त डीपीडी मोडून टाकतं, मुख्यतः लिव्हरमध्ये. काही लोकांत जन्मापासून हे एन्झाइम कमी असतं, युरोपातल्या लोकांत साधारण ३ ते ८ टक्के जणांत अर्धवट कमतरता असते आणि अगदी थोड्यांत ते जवळपास नसतंच. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला की औषध तुटतच नाही, साठत जातं, आणि पहिल्याच सायकलला तोंडभर फोड, न थांबणारे जुलाब, पांढऱ्या पेशी एकदम खाली. जीव जाऊ शकतो.

२०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन सुरू करण्याआधी ही तपासणी करायची शिफारस केली. डीपीडी बनवणाऱ्या डीपीवायडी जीनची तपासणी रक्तातून होते. अर्धवट कमतरता निघाली तर सहसा सुरुवातीचा डोस निम्म्यावर आणतात, पूर्ण कमतरता असेल तर हे औषध टाळतात. माझं स्पष्ट मत आहे की परवडत असेल तर पहिल्या सायकलच्या आधी विचाराच, "सर, डीपीडी करायची का?" असं विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

७. डीपीडी रिपोर्ट नॉर्मल आला, तरी पहिल्या सायकलला आई ॲडमिट झाली. रिपोर्ट खोटा होता का?

खोटा असेलच असं नाही. नेहमीच्या पॅनेलमध्ये बहुतेक ४ बदल शोधतात आणि ते मुख्यतः युरोपातल्या लोकांच्या अभ्यासातून ठरलेत. आपल्याकडे वेगळे बदल असू शकतात आणि ते त्या पॅनेलमध्ये नसतात. शिवाय त्रासाला डीपीडी सोडून बाकीही कारणं असतात. किडनी हे एक मोठं: कॅपेसिटाबिनला किडनीचं काम बघून डोस ठरतो, क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती साफ करते त्याचं माप) ३० ते ५० असेल तर कमी करतात आणि ३० च्या खाली गेला तर देत नाहीत. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये जुलाब लागले, पाणी कमी पडलं की म्हाताऱ्या माणसाची किडनी दोन दिवसात बसू शकते, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, पण उन्हाळ्यात केमो चालू असेल तर क्रिएटिनिनकडे लक्ष असू द्या.

चुकून जास्त डोस गेला किंवा अचानक गंभीर त्रास झाला तर युरिडिन ट्रायॲसिटेट नावाचा उतारा आहे, अमेरिकेत २०१५ ला मंजूर झाला, पण तो शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत द्यावा लागतो. म्हणून "दोन दिवस बघू, बसतंय का" असं करायचं नाही.

८. बाबांना काहीच त्रास होत नाहीये, केसही गेले नाहीत. म्हणजे केमो लागू पडत नाहीये का?

तसं काही नाही. त्रास होतो तो निरोगी पेशींना, तोंडाच्या अस्तराला, बोनमॅरोला, आणि तो ठरतो मुख्यतः लिव्हर, किडनी आणि तुमच्या जन्मजात एन्झाइम्सवर. गाठीवरचा परिणाम ठरतो गाठीच्या एन्झाइम्सवर. ही दोन वेगळी खाती आहेत. त्रास भरपूर आणि गाठ जशीच्या तशी, किंवा त्रास शून्य आणि गाठ निम्मी, दोन्ही होतं. आणि केसांचं म्हणाल तर फाइव्ह-एफयू आणि त्याच्या जोडीला देतात त्या ऑक्झालिप्लाटिनमध्ये केस सहसा पूर्ण जात नाहीत, विरळ होतात. लागू पडतंय का ते कसं बघतात यासाठी १४ वाचा.

९. इरिनोटेकानने एवढे जुलाब का होतात? बिलीरुबिन थोडं वाढलेलं असेल तर ते का विचारतात?

हे औषध मला शिकवायला सगळ्यात आवडतं, कारण त्याचं मूळ आपल्या मातीशी जोडलेलं आहे. कॅम्प्टोथेसिन हा मूळ पदार्थ १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला, आणि हे वाणी मूळचे नंदुरबारचे. तोच पदार्थ सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे, त्यासाठी हे झाड इतकं तोडलं गेलं की ते जपायची वेळ आली. (कोणी नरक्याच्या सालीचा काढा करून पाजतो म्हणाला तर अजिबात घेऊ नका, त्यात डोसला काही मापच नाही.)

आता जुलाब. इरिनोटेकानचं शरीरात एसएन-३८ होतं, ते मूळ औषधापेक्षा कितीतरी पट जहाल. लिव्हरमधलं यूजीटी-१ए१ हे एन्झाइम त्याला साखरेचा तुकडा जोडून निकामी करतं आणि ते पित्तातून आतड्यात येतं. तिथले जंतू स्वतःच्या एन्झाइमने तो साखरेचा तुकडा खाऊन टाकतात आणि एसएन-३८ पुन्हा मोकळं होतं, थेट आतड्याच्या अस्तरावर. म्हणून काही दिवसांनी जुलाब सुरू होतात. सलाइन चालू असताना लगेच होणारे जुलाब, घाम, पोटात मुरडा हा वेगळा प्रकार आहे, त्याला ॲट्रोपिन देतात. उशिराच्या जुलाबांना डॉक्टरांनी लिहून दिलेलं लोपेरामाइड घरात आधीच आणून ठेवायचं आणि पहिल्या पातळ शौचापासून सांगितल्याप्रमाणे चालू करायचं.

बिलीरुबिन विचारतात कारण ज्यांना गिल्बर्ट सिंड्रोम आहे, म्हणजे उपवास केला किंवा आजारी पडलं की डोळे जरा पिवळे होतात, त्यांचं हेच यूजीटी-१ए१ मंद असतं. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण इरिनोटेकानचं एसएन-३८ साठतं. लहानपणापासून "सारखी कावीळ होते" असा इतिहास असेल तर न विचारता सांगा.

आणि बिडी-सिगारेट: धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एसएन-३८ कमी बनतं असं दिसलंय, म्हणजे औषध कमी पडतं. सोडायला आणखी एक कारण.

१०. ऑक्झालिप्लाटिननंतर फ्रीजमधल्या पाण्याने बाबांचा घसा आवळला, श्वास अडकल्यासारखं झालं. ॲलर्जी आहे का?

गार वस्तूने झालं आणि काही मिनिटांत ओसरलं तर बहुतेक नाही, हे औषध नसांना थंडीबद्दल हळवं करतं. पण अंगावर पित्त, सूज, छातीत दडपण असं काही असेल तर तो वेगळा प्रकार, लगेच दाखवा. सलाइननंतर काही दिवस फ्रीजचं पाणी, रसवंतीतला बर्फ घातलेला रस, बर्फाचा गोळा सगळं बंद. फ्रीजमधला स्टीलचा तांब्या उघड्या हाताने धरला तरी बोटांत करंट लागल्यासारखं होतं, घरातल्या दुसऱ्या कुणाला काढायला सांगा. उन्हाळ्यात साधं कोमट पाणीच बरं, माठाचंही काहींना चालत नाही.

याला जागं करायला एन्झाइम लागत नाही, ते पाण्यात आणि रक्तात आपोआप बदलतं. गाठ त्याच्याशी दोन प्रकारे लढते, पेशीतलं ग्लुटाथायोन हे रसायन त्याला चिकटून निकामी करतं आणि डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा झालेलं नुकसान सांधते. हातापायांची बधिरता मात्र डोस वाढत जातो तशी साठत जाते, सर्जरीनंतरच्या काही कमी धोक्याच्या स्टेज ३ पेशंटमध्ये ६ ऐवजी ३ महिन्यांचा कोर्स जवळपास तेवढाच चालतो असं २०१८ च्या मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलं, तुम्ही त्या गटात बसता का ते विचारा.

११. गोळ्या चालू असताना आईचा रेशन दुकानात अंगठाच उठत नाही. काय करायचं?

कॅपेसिटाबिनमुळे तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, आणि बोटांच्या रेषा पुसट होतात, त्यामुळे मशीन अंगठा घेत नाही. खरा, नोंद झालेला परिणाम आहे, तुमची कल्पना नाही. घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा द्या किंवा आधारला ओटीपी आणि डोळ्यांचा पर्याय विचारा, गोळ्या थांबल्यावर रेषा बहुतेक वेळा परत येतात.

भाकरी थापणं, गरम तवा, विड्या वळणं, धुण्याचा सोडा यांनी हाताचं आणखी वाटोळं होतं, तेवढे दिवस ही कामं दुसऱ्याकडे द्या. दिल्लीच्या एम्सच्या २०२४ साली छापलेल्या अभ्यासात हाताला डायक्लोफेनॅकचं जेल लावल्यावर मध्यम-तीव्र त्रास १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आला होता, डॉक्टरांना विचारून लावा. फोड आले, चालता येईना झालं तर गोळी थांबवून फोन करायचा, रेटायचं नाही.

१२. रिपोर्टवर एमएसआय-हाय लिहिलंय. त्याचा केमोशी काय संबंध?

फार मोठा. या गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद असते, आतड्याच्या साधारण १५ टक्के कॅन्सरमध्ये असं असतं, पसरलेल्या स्टेजमध्ये कमी. स्टेज २ मध्ये असं निघालं तर नुसत्या फाइव्ह-एफयूचा फायदा होत नाही आणि मुळात परत येण्याची शक्यताही कमी असते, म्हणून केमो देतच नाहीत. पसरलेल्या स्टेजमध्ये इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारं औषध) पहिल्यांदा वापरायला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा बायोप्सीच्या ब्लॉकवर ही टेस्ट झालीये का ते फाइलमध्ये शोधा. पसरलेल्या आजारात गाठीतले रास आणि बीरॅफ हे जीन पण बघतात, रासमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅब हे टार्गेटेड इंजेक्शन सहसा चालत नाही.

१३. काढा, हळद, फॉलिक ॲसिड, बीपी-शुगरच्या गोळ्या, यातलं काय चालू ठेवायचं?

भाजी-आमटीतली हळद चालू द्या. हळदीच्या कॅप्सूल आणि अनोळखी काढे नकोत, कारण लिव्हरची एन्झाइम्स त्यांच्यामुळे कशी बदलतील ते मोजता येत नाही. फॉलिक ॲसिड लोकांना निरुपद्रवी वाटतं, पण २ मध्ये सांगितलेली पकड त्याने घट्ट होऊन कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो, स्वतःहून घेऊ नका. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) वरचेवर तपासावा लागतो. फिटची फेनिटॉइन असेल तर तिचं रक्तातलं प्रमाण चढतं. गाउटची ॲलोप्युरिनॉल कॅपेसिटाबिनसोबत टाळतात.

सगळ्यात जपायचं ते नागिणीच्या ब्रिव्हुडिन या गोळीला. तिच्या जातीच्या सोरिव्हुडिनमुळे १९९३ मध्ये जपानात फाइव्ह-एफयू घेणारे पेशंट दगावले, कारण ती डीपीडी पूर्ण बंद पाडते. नागीण उठली तर परस्पर औषध घेऊ नका, केमो चालू आहे ते आधी सांगा.

१४. चार सायकलपर्यंत गाठ कमी झाली, मग परत वाढली. आणि सीईए (आतड्याच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते) वाढलं म्हणजे केमो फेल का?

गाठीत पहिल्यापासून काही पेशी अशा असतात ज्यांच्यात थायमिडिलेट सिंथेज जास्त किंवा जागं करणारं एन्झाइम कमी असतं. औषधाने बाकीच्या मरतात, या उरतात आणि वाढतात. काही पेशी औषधाला तोंड देता देता एन्झाइम वाढवतातही. जंतूंचाही हात दिसतोय: तोंडात राहणारा फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू गाठीत असेल तर पेशी केमोतून तगून राहतात असं २०१७ च्या संशोधनात आलं, पण म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खायचं नाही, तसा उपचार अजून ठरलेला नाही. अशा वेळी औषधांची जोडी बदलतात, ऑक्झालिप्लाटिनच्या जागी इरिनोटेकान, कारण त्याचा रस्ताच वेगळा आहे.

सीईएबद्दल जरा थांबा. केमो सुरू झाल्यावर पहिले ४ ते ६ आठवडे, विशेषतः ऑक्झालिप्लाटिनसोबत, मरणाऱ्या पेशींमुळे सीईए चढू शकतं आणि नंतर उतरतं. म्हणून पहिल्याच वाढलेल्या आकड्यावर घरी रडारड करू नका आणि औषधही सोडू नका. निर्णय सीटी स्कॅनवर होतो, गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के किंवा जास्त कमी झाली तर त्याला प्रतिसाद म्हणतात, आणि वाढली नाही, तेवढीच राहिली, तरी त्याला आजार आटोक्यात आहे असंच धरतात. सीटीला जाताना मागची फिल्म आणि सीडी बरोबर न्या, नुसता कागदी रिपोर्ट नेला तर डॉक्टरांना मापं स्वतः ताडून बघता येत नाहीत.